जाळ्यातलं दार

३ सप्टेंबर, मंगळवार

पोचलो एकदाचा. तांताहून बलतीमपर्यंत मायक्रोबस, पुढे तीनचाकी, आणि वाळू दिसताच तीनचाकीवाल्याने हात वर केले म्हणून शेवटचा मैलभर डोक्यावर ट्रंक घेऊन पायपीट. पण तक्रार नाही. समोर समुद्र, मागे तलाव, मधल्या चिंचोळ्या पट्टीवर कोम मिल्ह गाव, आणि किनाऱ्याने नजर पोचेल तिथवर उंच वाशांवर ताणलेली जाळी. तांतात असला वारा स्वप्नातसुद्धा येत नाही.

कचेरीने दोन कामं दिली आहेत. रोज पहाटे समुद्रावरून येणारे पक्षी मोजायचे, हे पहिलं. दुसरं म्हणजे चार पानांचं माहितीपत्रक लिहायचं: शरदात पक्षी बघायला कुठे बसावं. शहरातले हौशी लोक हजारभर मैल उडून आलेला पक्षी बघायला येतात आणि नेमके सूर्याकडे तोंड करून बसतात, त्यांच्यासाठी.

राहायला खोली मिळाली ती जाळ्यांचं जुनं कोठार आहे. खिडकी थेट किनाऱ्यावर. मालक हाज मितवल्ली, गावच्या जाळ्यांचा मुकादम, साठीचा, पोट सुटलेला, तोंडाने फटकळ. म्हणाला, तांताची माणसं हरभरे विकण्यात पटाईत, तू पक्ष्यांच्या नादी कशाला लागलास? हरभरे निदान उडून तरी जात नाहीत. माणूस आवडला मला. जेवायला घालून वर टोमणे मारणारी माणसं बरी असतात.

त्याच्या अंगणात त्याचा थोरला भाऊ शहाता बसलेला असतो. भिंतीकडे तोंड करून. हाजची बायको त्याला चमच्याने भरवत होती. हात-पाय नुसतं लाकूड. झटका आला होता म्हणे. मी पुढे विचारलं नाही.

संध्याकाळी आईला फोन केला. तिने नेहमीसारखं माझ्या भावाचं विचारलं, हिल्मीचा काही निरोप? मी नेहमीसारखं सांगितलं, इटलीत छावणीत फोन ठेवू देत नाहीत. दोन वर्षं हेच सांगतोय. आता सांगताना जीभ अडखळत नाही. काही वाटतच नाही म्हटलं तरी चालेल.

४ सप्टेंबर

माहितीपत्रकासाठी टिपणं. कोम मिल्हच्या पूर्व टोकाला पाण्याची जुनी टाकी आहे. तिच्यावर चढावं, पाठ पूर्वेला टेकवावी, तोंड वायव्येला. उजाडायच्या आधी अर्धा तास हजर राहावं. सोबत शाल, पाणी, आणि गप्प बसायची सवय. वारा दक्षिणेचा असेल तर घरी झोपून राहावं, काही येत नाही.

आज वारा दक्षिणेचाच होता, पण मी नवा, उत्साही. होले चौदा, हळद्या तीन, एक खाटीक जाळ्याच्या वाशावर बसून सगळ्यांकडे तुच्छतेने बघत होता. लावे फक्त एकवीस. मोजायला हातात टिकटिक करणारं छोटं यंत्र दिलंय. पक्षी दिसला की अंगठ्याने कळ दाबायची. हाज म्हणाला, तसबीहची माळ घेऊन बसलास की काय रे उस्ताज? मी म्हटलं, तसंच समजा.

जेवायला लाव्याच्या पोटात भरडलेला गहू भरून शिजवला होता. दोन खाल्ले. सकाळी ज्यांना मोजलं त्यातलेच असणार.

६ सप्टेंबर, शुक्रवार

जाळ्यांची पाहणी केली. कायद्याने दर दहा वावांनंतर मोकळी जागा सोडायची असते (वाव म्हणजे दोन्ही हात पसरल्याएवढं अंतर), म्हणजे निम्मे पक्षी तरी सुटावेत. इथे कोणी सोडत नाही, सलग भिंतच आहे. मात्र चार ठिकाणी बरोबर तीन-तीन वाव जाळं नाही. त्यातली एक जागा माझ्या खिडकीपासून चाळीस पावलांवर आहे. मोजली.

ती जागा सित्त नगातची. गाव तिला खाला, म्हणजे मावशी, म्हणतं, मीही म्हणतो. सत्तरीची, काळ्या शालीत गुंडाळलेली, एकटी. बाकी लोक आपापल्या जाळ्याशी उभे असतात तेव्हा ती मोकळ्या जागेच्या आत, जमिनीच्या बाजूला, समुद्राकडे पाठ करून तिवईवर बसते. उजाडेपर्यंत मान वळवत नाही. मी विचारलं, खाला, पक्षी तर मागून येतात, दिसणार कसे? ती म्हणाली, बाळा, काही गोष्टी बघायची जागा म्हणजे पाठ करून बसायची. हे माहितीपत्रकात घालू का, विचारलं तर हसली. दात दोनच उरलेत, पण हसणं छान आहे.

मला चहा दिला. काळा, अर्धा पेला साखर. सनद नावाचा मुलगा होता, बावीस वर्षांपूर्वी मासेमारीला गेला तो आला नाही, हे तिने साखर ढवळता ढवळता सांगितलं.

८ सप्टेंबर, रविवार

काल दुपारी वारा फिरला, उत्तरेचा झाला. आज पहिला मोठा थवा.

आधी काही नव्हतं. मग अगदी लाटांच्या शेंड्यांना घासत तपकिरी गोळे येऊ लागले, एक, पाच, मग मोजता येईना इतके. धप धप जाळ्यात. जे वरून सुटले ते वाळूत पडले. रात्रभर समुद्र ओलांडून आलेला लावा वाळूवर बसतो तेव्हा डोळे उघडे असतात, पण बघत काही नाही. हाताने उचलला तरी फडफडत नाही. जो उचलेल त्याचा. बायका परकरात आंबे गोळा करावेत तशा गोळा करत होत्या. मला त्या पक्ष्याची स्थिती ओळखीची वाटली. दोन वर्षं मीही तसाच बसलोय.

जाळ्यात अकराशे चाळीस. वाळूवर चारशेच्या आसपास. अंगठा बधिर झाला, अजून तसाच आहे.

उजाडल्यावर खालाच्या मोकळ्या जागेतून किती गेले हे बघायला गेलो. ती झाडू आणायला घरी गेली होती. वाळूवर लाव्यांच्या पावलांची नक्षी, आणि तिच्यातून माणसाची अनवाणी पावलं. पाण्यातून वर आलेली. पाण्याकडे गेलेलं एकही नाही. डाव्या पायाला करंगळी नव्हती. कोणी कोळी पहाटे पोहून आला असेल असं वाटलं. तेवढ्यात खाला आली, मला बघून थबकली आणि खजुराच्या झाडूने सगळं झाडून टाकलं, अगदी रस्त्यापर्यंत. झाडताना नजर आभाळात. मी विचारलं, इतक्या पहाटे पोहायला कोण आलं होतं? ती म्हणाली, उस्ताज, तू पक्षी मोज.

९ सप्टेंबर

हाजने सकाळीच झाडलं. तुला दारात उभं राहायला कोणी सांगितलं? मी म्हटलं, कसलं दार? मग त्याने बसवून सांगितलं.

ज्या घराने समुद्राला माणूस दिला, ते घर आपल्या जाळ्यात तीन वाव मोकळे सोडतं. त्याला इथे दार म्हणतात. बुडालेला माणूस एकटा वाट शोधू शकत नाही, पण लाव्यांना वाट ठाऊक असते. मोठा थवा आला की त्याच्या आडोशाने तो येतो, दारातून आत शिरतो, आपल्या घराच्या उंबऱ्यापर्यंत जातो, आणि मग पक्ष्यांबरोबर दक्षिणेला. रीत एवढीच की त्याच्याकडे बघायचं नाही, त्याला अडवायचं नाही, आणि नावाने हाक तर मारायचीच नाही. समुद्र त्यांचं नाव धुऊन टाकतो. पहिली हाक ज्या नावाने माराल ते त्यांना चिकटतं, आणि हाक मारणाऱ्याच्या मागे मेंढरासारखे चालत येतात.

मी कायद्याचं बोललो. हाज हसून म्हणाला, कायदा सांगतो म्हणून आम्ही जाळं सोडू असं वाटलं तुला? साहेब येतात, ही चार दारं बघतात आणि म्हणतात, शाबास, गाव सुधारलं.

मग अंगणात बघत, आवाज न बदलता म्हणाला, शहाताला झटका-बिटका काही आला नव्हता. त्याचा पोर बुडाला होता. एका शरदात त्याने दाराला जाळं लावलं. पोराला धरलं, घरात ठेवलं. त्याला हात लावलास की आधी बोटं जातात, मग पुढचं. आम्ही पाचव्या दिवशी पोराला बाहेर काढून वाटेला लावलं तेव्हा उशीर झाला होता. दोघं भिंतीकडे तोंड करून बसले होते, दक्षिणेच्या.

मी हे जसंच्या तसं लिहिलंय. माझा विश्वास बसला की नाही, मला सांगता येत नाही.

१० सप्टेंबर

आज ते लिहितो जे कधी लिहिलं नाही. हिल्मीला इथे मीच आणलं होतं. याच किनाऱ्यावर, दोन वर्षांपूर्वी, ऑक्टोबरात. आईला सांगितलं, मामाच्या गावी चाललोय. इटलीला जाणाऱ्या बोटीत चढताना तो कुडकुडत होता म्हणून माझा हिरवा स्वेटर काढून दिला, आईने विणलेला, कोपरावर वेगळ्या हिरव्या लोकरीचं ठिगळ. तो म्हणाला, परत आल्यावर देतो. चोवीस वर्षांचा होता. बोट तिसऱ्या दिवशी उलटल्याचं मला महिनाभरात कळलं. रडू आलं नाही. तेव्हापासून कशाचंच आलं नाही.

ही नोकरी मी पक्ष्यांसाठी घेतली असं सगळ्यांना सांगितलं. मलासुद्धा.

आई अजून त्याचं ताट वाढते. मला एकच हवंय, तिच्यापुढे तो ठेवायचा. जिवंत नाही तर नाही. कबर तरी होईल, तिला जाऊन बसायला एक जागा होईल.

११ सप्टेंबर

खालाला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं, मग विचारलं, इथूनच गेला ना? मग तो इथेच असेल. ज्यांना दार नाही ते पाण्यात उभे राहतात, लेकरा, छातीइतक्या पाण्यात, जाळी उतरेपर्यंत.

मी विचारलं, मला दार मिळेल का? जाळं नाही त्याला दार कुठलं, म्हणाली. मग स्वतःच म्हणाली, माझ्या दारातून येऊ दे त्याला. सनदला अडचण नाही व्हायची, तो शहाणा होता. तू माझ्याशेजारी पाठ करून बस. आपल्या डाव्या खांद्याला गार लागतं, तेव्हा समजायचं. पुढे त्याची त्याला तांताची वाट सापडेल. घरी गेलास की उंबरा बघ, ओला असेल.

मी विचारलं, बावीस वर्षांत एकदाही वळून बघावंसं वाटलं नाही? ती म्हणाली, रोज वाटतं. बघितलं तर सोडणार नाही मी त्याला. म्हणून बघत नाही.

सनदच्या पायाची करंगळी लहानपणी नांगराखाली सापडून तुटली होती, हेही तिनेच सांगितलं. मी पावलांचं बोललो नाही.

१३ सप्टेंबर, शुक्रवार

वारा दक्षिणेचा. लावे नऊ.

ओला उंबरा घेऊन आई काय करणार? पुसून टाकेल आणि पुन्हा ताट वाढेल.

कोठारात जुनी जाळी पडलीच आहेत. तीन वाव मोजून कापलं. काळं, बारीक. शेजारी बसणार नाही, टाकीवर बसून मोजणार आहे, असं खालाला सांगितलं. बरं बाळा, म्हणाली. त्याचं नाव मला सांगून ठेव, मी मनात दोघांना धरून बसेन. मी नाव सांगितलं. तिच्याशी खोटं बोलताना लाज वाटेल असं वाटलं होतं. नाही वाटली.

१६ सप्टेंबर, सोमवार

कालपासून उत्तरेचा वारा. संध्याकाळीच दाराला जाळं बांधलं. खाला पहाटे शाल डोळ्यांवर ओढून येते, पाठ करून बसते, तिला दिसलं नाही.

थवा आला. मी वाशाआड वाकून बसलो होतो. लावे माझ्या अंगावरून गेले. मग जाळं ताणलं गेलं, हळूच, जणू कोणी त्याला टेकून उभं आहे.

होता. खरंच होता. तोंड सुजलेलं, सपाट, पाण्यात पडलेल्या साबणासारखं. पण डोळे उघडे. बघत काही नव्हते. खाला चार हातांवर पाठ करून तसबीह ओढत होती, मी तिच्यामागे गाठी सोडवत होतो. कानाशी जाऊन म्हटलं, हिल्मी. तो लगेच माझ्यामागे आला. जाळं तसंच राहिलं; दारात इथे कोणी जात नाही, आणि इतकं बारीक जाळं लांबून दिसतही नाही.

तो खोलीत आहे. कोपऱ्यात, दक्षिणेच्या भिंतीकडे तोंड करून. हिल्मीच आहे. स्वेटर नाही अंगात, दोन वर्षं पाण्यात काय टिकणार. डाव्या पायाचं एक बोट नाही. माशांनी खाल्लं असेल.

पक्षी मोजले नाहीत. आकडा अंदाजे लिहिला, बाराशे.

१७ सप्टेंबर

अंग पुसून दिलं त्याचं, माझे कपडे घातले. गार नाही, ऊनही नाही. पाव दिला, खात नाही. भिंतीला कपाळ लावून उभा असतो, पावलं जागच्या जागी उचलतो. माझ्या दोन्ही हातांची बोटं बधिर. चहाचा पेला पडला, पायावर चहा सांडला, भाजल्याचं कळलं नाही.

परवा घेऊन जाईन. मायक्रोबसमध्ये शेवटच्या बाकावर बसवीन, आजारी आहे म्हणून सांगेन.

१८ सप्टेंबर

खाला दाराशी आली होती. मी फट उघडून बोललो. म्हणाली, बाळा, परवा काही गार लागलं नाही रे. उंबराही कोरडा. बावीस वर्षांत असं झालं नाही. तुझा आला का? मी म्हटलं, नाही कळलं. ती म्हणाली, माझ्या पोराचं काय झालं असेल? मेलेल्या माणसाची काळजी करणारी बाई मी पहिल्यांदाच बघितली.

तो माझ्या मागे, सहा हातांवर होता. तिच्या आवाजाला वळला नाही. वळणार कसा, त्याचं नाव आता हिल्मी.

मी काय लिहिलं हे. तो हिल्मी आहे.

२० सप्टेंबर

निघायचं राहिलं. पाय घोट्यापर्यंत गेले, बोळे भरल्यासारखे. ट्रंक उचलत नाही. आईला फोन केला, म्हटलं एक खुशखबर आणतोय. ती म्हणाली, खरं सांग, तुला शपथ आहे. मी म्हटलं, खरं. तिचं रडणं ऐकलं. दुसऱ्या कोणाची आई रडत असावी तसं.

२१ सप्टेंबर

हाज आला. खाला दोन दिवस जेवली नाही म्हणाला. मग माझ्या हाताकडे बघितलं. पुढे येऊ लागला, मी दार लावून घेतलं, खांद्याने, कडी दातांनी. बाहेरून म्हणाला, उस्ताज, ज्याचं आहे त्याचं त्याला जाऊ दे. अजून वेळ आहे. दार उघड आणि बाजूला हो, बाकी काही करावं लागत नाही.

मग गेला. माणसं आणायला गेला की शहाताला भरवायला, माहीत नाही.

२२ सप्टेंबर

सनद आहे. लिहून टाकतो. पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. पावलं बघितली होती मी. जाळ्यातून सोडवताना पायच आधी हाताला लागला.

सोडायला हवा. दार उघडायचं आणि बाजूला व्हायचं. पण मग रिकाम्या हाताने आईकडे — तिला चेहरा कुठे ओळखू येणार. साबणासारखा चेहरा. ती हिल्मी म्हणेल, तो तिच्यामागे जाईल. कबर होईल. कोणाचं काय बिघडलं.

खालाचं. ठाऊक आहे. वाईट वाटायला हवं, तेवढं कळतं.

२३ सप्टेंबर

उठता येत नाही. खिडकीशी बसलोय, सरकत सरकत आलो. जाळं अजून दारात. काढायला हवं होतं. पेन बोटांना जाळ्याच्या दोऱ्याने बांधलंय, मनगट हलतं तोवर —

वारा फिरतोय. उत्तरेचा.

सनद, असं म्हणून बघितलं. तीनदा. वळला नाही. पहिलं नाव लागतं तेच —

२४ सप्टेंबर, उजाडताना

खाला आली. शाल डोळ्यांवर. बसली. कमरेत वाकलीये पुष्कळ.

थवा. खूप. मोजत नाही.

जाळं ताणलं.

हिरवं काहीतरी.

कोपरावर वेगळी लोकर.

हिल्मी. मान खाली, हात जाळ्यात. चाळीस पावलं. हाक मारायला हवी, मी आधी, कोणी मारायच्या आत — आवाज निघत नाही. जीभ गेली. कधी गेली, कळलंच नाही —

खालाने ऐकलं. जाळं करकरलं ते. तिला पाठमोरं बसून राहायचं आहे. बसून राहा. खाला, बावीस वर्षं बसलीस, आणखी थोडं —

वळली.

हात लावते जाळ्याला. काय आहे कळत नाही तिला. मग कळलं. गुडघ्यावर बसली. तोंडावरून हात फिरवते त्याच्या. पाय नाही बघत. पाय बघ, खाला, दहा बोटं आहेत, पाय बघ —

तिचे ओठ हलले. दोन अक्षरं नाहीत. तीन आहेत.

त्याने मान वर केली.

शाल काढून त्याला गुंडाळते. स्वेटरवरून. दोरे दातांनी तोडते, दोन दातांनी. फोन वाजतोय इथे, मांडीवर, आई असेल. खाला, तुझा सनद इथे आहे, माझ्या मागे, भिंतीशी, कडी आतून, मला उठता —

घेऊन निघाली. तो मेंढरासारखा. माझ्या खिडकीवरूनच —

बघितलं तिने मला. थांबली. हसते आहे. छातीवर हात ठेवून मान लववली माझ्यापुढे. जाळ्याकडे बोट, मग माझ्याकडे. तिला वाटतंय जाळं मी तिच्यासाठीच